सीओ (विषयाची निष्पत्ती) आणि पीओ (पदवी कार्यक्रमाची निष्पत्ती) यांतील फरक नेमका कसा ओळखावा?

प्रश्न
नमस्कार. मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मृदा यांत्रिकी शिकवतो. एनबीए (राष्ट्रीय मान्यता मंडळ) मूल्यांकनासाठी या विषयाचे सीओ लिहिताना ‘विद्यार्थी गटात काम करून अभियांत्रिकीतील गुंतागुंतीच्या समस्या सोडवू शकेल’ असे एक विधान मी घातले होते. हा पीओ आहे, असा शेरा मारून विभागाच्या समितीने ते परत पाठवले. प्रयोगशाळेत माझे विद्यार्थी गटातच काम करतात. मग हे विधान विषयाच्या पातळीवर का चालू नये?

उत्तर १
समितीचा शेरा योग्य आहे. सत्र संपल्यावर तुमच्याच प्रश्नपत्रिकेतून वा प्रात्यक्षिकातून ज्याची खातरजमा करता येते, तो सीओ. ‘काळ्या मातीच्या नमुन्याची द्रव मर्यादा व सुघट्य मर्यादा प्रयोगाने काढून आयएस १४९८ या भारतीय मानकानुसार तिचे वर्गीकरण करता येईल’ हे विधान पाहा: काय करायचे, कशाच्या आधारे करायचे आणि गुण कशाला द्यायचे, हे सारे त्यात आहे. तुमचे विधान मात्र सर्वेक्षणाखाली, काँक्रीट तंत्रज्ञानाखाली, इतकेच काय संगणक शाखेच्या एखाद्या विषयाखालीही जसेच्या तसे खपून जाईल.

पीओ चार वर्षांच्या शिक्षणाअखेर पदवीधराच्या अंगी काय असावे ते सांगतात आणि ते शिक्षकाने लिहायचे नसतात. भारत २०१४ मध्ये ज्याचा कायम सदस्य झाला, त्या वॉशिंग्टन करार या अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौकटीला अनुसरून एनबीएने ते ठरवून दिले आहेत. पूर्वी ते १२ होते, सुधारित नमुन्यात ११ आहेत. शाखेपुरते वेगळे काही म्हणायचे असेल, तर त्यासाठी पीएसओ (कार्यक्रमविशिष्ट निष्पत्ती) आहेत आणि ते विभाग लिहितो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग गटकार्याची नोंद कोठेच घ्यायची नाही का?

उत्तर २
अवश्य घ्यावी, पण मॅपिंगमध्ये, म्हणजे कोणता सीओ कोणत्या पीओला किती हातभार लावतो हे १ (कमी) ते ३ (जास्त) अशा पातळ्यांनी दाखवणाऱ्या तक्त्यात. वर्गीकरणाचा प्रयोग गटाने होत असेल आणि प्रत्येकाच्या सहभागाला रुब्रिकनुसार (गुणदानाच्या ठरलेल्या निकषांनुसार) स्वतंत्र गुण असतील, तर तो सीओ गटकार्याच्या पीओशी १ किंवा २ या पातळीवर जोडता येईल. गुणच नसतील, तर तो रकाना कोरा ठेवावा. सगळीकडे ३ भरलेला तक्ता पाहून समितीला पहिला संशय येतो, आणि तो रास्तच असतो.

उत्तर ३
यात एक भर घालतो. सीओंच्या अटेनमेंटची (ते किती साध्य झाले त्या आकड्यांची) भारित सरासरी काढून पीओचा आकडा मिळतो, ही रूढ पद्धत आहे. तथापि अनेक विषयांतील किरकोळ १ एकत्र करून संवादकौशल्य सिद्ध होते, हे मला पटत नाही. गटकार्य, संवाद व प्रकल्प व्यवस्थापन या पीओंचा खरा पुरावा अंतिम वर्षाच्या प्रकल्पातच सापडतो; म्हणून त्यांचा मुख्य भार प्रकल्पाच्या सीओंवर ठेवून मृदा यांत्रिकीकडून अभियांत्रिकी ज्ञान, समस्या विश्लेषण आणि प्रायोगिक तपास एवढ्याच पीओंची अपेक्षा करावी.