आजीची दशमीची पिठलं-भाकरी यंदा आम्ही करायची आहे, मदत हवीय

सातपूरचा नातू:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण वाचा प्लीज. माझी आजी गेल्या वर्षी माघी गणपतीच्या आदल्या दिवशी गेली, 81 वर्षांची होती. आमचं घर सातपूरला, त्र्यंबक रोडपासून दोन गल्ल्या आत. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तीनाथांची यात्रा असते आणि त्याआधी दोन-तीन दिवस दिंड्या आमच्या रस्त्याने जातात, सगळे पायी. जानेवारीतली नाशिकची थंडी तुम्हाला माहितीच आहे, आणि त्या थंडीत म्हाताऱ्या बायका डोक्यावर तुळस घेऊन चालत असतात.

आजीचं हे सुरू कसं झालं तर एका वर्षी एका वारकरी म्हातारीने दारात येऊन नुसतं गरम पाणी मागितलं, पाय शेकायला. आजीने पाणी दिलं, रात्रीची भाकरी दुधात कुस्करून दिली. पुढच्या वर्षी ती म्हातारी अख्खी दिंडी घेऊन दारात. तेव्हापासून दरवर्षी दशमीला पहाटे अडीचला आजी उठायची, आजोबांनी आणलेल्या मोठ्या पातेल्यात पिठलं, बाजरीच्या भाकऱ्या, ठेचा. मंडळ नाही, बॅनर नाही, कधी कोणाकडे वर्गणी मागितली नाही. एरवीसुद्धा गल्लीत कोणी बाळंत झालं की डिंकाचे लाडू आजीकडून, कोणाकडे मयत झालं की पिठलं-भात आजीकडून, आणि दर शनिवारी सरकारी दवाखान्यात बाहेरगावच्या पेशंटच्या नातेवाइकांना डबे, ते डबे सायकलवर न्यायचं काम माझं. आम्ही अकरा नातवंडं, कोणाला भाकरीचा पापुद्रा आवडतो आणि कोणाला करपलेली कड, हे तिला शेवटपर्यंत पाठ होतं.

आता वर्षश्राद्ध आलंय. काका म्हणतात हॉल घेऊन नातेवाइकांना जेवण घालू. मला वाटतं त्याआधी येणाऱ्या दशमीचं चुकवू नये, तिचं तेच खरं होतं. पण काकू म्हणते वर्ष व्हायच्या आत असलं काही करत नाहीत. शिवाय दीडशे माणसांचं प्रमाण आमच्यात कोणालाच येत नाही, आजी मापट्याने पीठ घ्यायची आणि बाकी सगळं हाताच्या अंदाजाने. पिठल्यावर ती काळ्या मसाल्याची फोडणी द्यायची, तो मसालाही तिचाच, प्रमाण कुठे लिहिलेलं नाही.

पंचवटीतली मावशी:
बाळा वाचून डोळे भरले रे. प्रमाण सांगते, आमच्या घाटावर बरीच वर्षं पंगती वाढल्यात. एक किलो बेसनात वीस-बावीस जण होतात, म्हणजे सात किलो घे. एका मापट्याला चार मापटी पाणी, पण थंडीत पिठलं बघता बघता घट्ट होतं म्हणून बाजूला उकळतं पाणी ठेवायचंच, गार पाणी घातलं तर चव जाते. बेसन आधी पाण्यात कालवून घे, मोठ्या पातेल्यात कोरडं टाकलंस तर गुठळ्या मोडत बसशील.

भाकरी माणशी दोन धर, तीनशे झाल्या, एका किलोत दहा-अकरा होतात म्हणजे तीस किलो बाजरी. दळण आदल्या दिवशीच आण, बाजरीचं पीठ ठेवलं की कडू होतं. आणि तीनशे भाकऱ्या एका घरात नको थापू, गल्लीतल्या दहा घरांत तीन-तीन किलो पीठ वाटून दे. तुझ्या आजीचं नाव घेतलंस तर कोणी नाही म्हणणार नाही बघ.

एक महत्त्वाचं राहिलं, कॅलेंडरमध्ये तिथी नीट बघ. उशिरा निघालेल्या दिंड्या एकादशीच्या पहाटेसुद्धा रस्त्यावर असतात, त्यांना उपास असतो, त्यांच्यासाठी थोडी भगर आणि शेंगदाण्याची आमटी वेगळी कर. दशमीलाही काही माळकरी कांदा-लसूण खात नाहीत, एक छोटं पातेलं बिनकांद्याचं ठेव आणि आधीच सांग म्हणजे विचारायला संकोचत नाहीत.

येवल्याचा माळकरी:
राम कृष्ण हरी. मी बारा वर्षं येवल्याहून दिंडीत येतो. सातपूरला खूप ठिकाणी खाल्लंय, कोणाचं घर ते आठवत नाही, पण एक म्हातारी आई वाढताना प्रत्येकाला "गाव कोणतं" विचारायची ते लक्षात आहे. तुमचीच आजी असेल असं मी म्हणत नाही, पण वाचल्यापासून तोच चेहरा डोळ्यासमोर येतोय.

काकूंना सांगा, वर्षाच्या आत लग्न-मुंज टाळतात. भुकेल्याला जेवू घालायला आमच्याकडे तरी कोणी कधी अडवलेलं नाही, उलट गेलेल्या माणसाच्या नावाने अन्नदानच करतात. तरी त्यांच्या मनाला लागत असेल तर तुमच्या गुरुजींना एक फोन करा, घरात वाद ठेवून पंगत वाढू नका.

आणि जेवणाइतकंच एक सांगतो. आमच्यातल्या बायकांचे सगळ्यात जास्त हाल संडास-बाथरूमचे होतात. पहाटे रस्त्याच्या कडेला लाइट असतात, आडोसा नसतो, बऱ्याच जणी त्यासाठी पाणीच पीत नाहीत. चार घरांनी बाथरूम उघडी ठेवली, दारात बादलीभर गरम पाणी आणि खोबरेल तेलाची वाटी ठेवली तरी खूप आहे.

नाशिकरोडची सून:
मसाल्याचं मी सांगते, आमच्या सासूबाईंचं प्रमाण. एक किलो मिरचीला अर्धा किलो धने, अर्धा किलो खोबरं, पाव किलो तीळ, वाळवलेला कांदा तेलात काळपट तळलेला, दगडफूल जरा सढळ आणि बाकी खडा मसाला. पण दादा प्रत्येक घराचं वेगळं असतं, आणि हा उन्हाळ्यातला मसाला, मिरची कडकडीत वाळल्याशिवाय डंकावर नीट कुटला जात नाही. आजी दरवर्षी कोणत्या डंकावर जायच्या ते शोधा, तिथे जुन्या गिऱ्हाइकांचा मसाला लक्षात असतो. घरात आजींचा थोडा जरी उरला असेल तर सोबत न्या, वासावरून बरंच कळतं.

सातपूरचा नातू:
सगळ्यांचे खूप आभार. माळकरी दादा, "गाव कोणतं" ती सगळ्यांनाच विचारायची, अगदी गॅसवाल्यालासुद्धा. तुमचं उत्तर आईला मोठ्याने वाचून दाखवलं, ती उठून आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली.

काकू गुरुजींशी बोलली, आता तिचं काही म्हणणं नाही, उलट भगर मी करते म्हणाली. काकांचा हॉल अजून ठरायचाय. बाथरूमसाठी आमचं आणि शेजारची तीन घरं तयार आहेत, पीठ आठ घरांनी मागून घेतलं. डंक सापडला, तो चैत्रात ये म्हणाला. आजीच्या बरणीत तळाला चार-पाच चमचे मसाला आहे, आईने वर्षभर हात लावू दिला नव्हता, काल म्हणाली दशमीच्या फोडणीत घालू. सात किलो बेसनाचं पिठलं घोटायला लांब दांड्याचा लाकडी पळा लागेल, सातपूर-गंगापूर रोडकडे कोणाकडे असेल तर दोन दिवसांसाठी द्या, मी येऊन घेऊन जाईन.