मदत हवी आहे : मराठीत 'कर्मठ' शब्दाला सोवळ्याचा वास कसा लागला?

आमचं घराणं इंदूरचं. आजोबांच्या शताब्दीनिमित्त घरगुती पुस्तिका काढतोय. त्यांच्या निवृत्तीच्या हिंदी मानपत्रात 'कर्मठ शिक्षक' असं लिहिलंय. मराठीत मी तो शब्द तसाच ठेवला, तर पुण्याच्या आत्या दुखावल्या. "अरे, बाबांनी जन्मात कधी सोवळं पाळलं नाही, आणि तू त्यांना कर्मठ म्हणतोस?"

त्यांचं बरोबर आहे. हिंदीत कर्मठ म्हणजे झटून काम करणारा, निव्वळ कौतुक. आपल्याकडे मात्र विटाळ मानणारा, कर्मकांडात अडकलेला. संस्कृतात पाहिलं तर अमरकोशात 'कर्मशूर' आणि 'कर्मठ' एकाच अर्थाने जोडीने येतात. पाणिनीच्या 'कर्मणि घटोऽठच्' या सूत्रानेही अर्थ निघतो तो कामात कुशल असा. म्हणजे दोष मूळ शब्दात नाही. 'कर्म' म्हणजे फक्त धार्मिक विधी असं धरलं गेलं आणि मग टीका चिकटली, असा माझा तर्क. तो पटतो का?

उलट 'कट्टर'चं बघा. 'कट्टर धर्माभिमानी' ऐकून काहीजण बिचकतात, पण 'कट्टर चाहता' अभिमानाने मिरवतात. 'धर्मांध'ला मात्र अशी सुटका नाही, त्यातला आंधळेपणा उघडच आहे.

जाणकारांनी कृपया सांगावं : मराठीत कर्मठ चांगल्या अर्थाने वापरल्याचं जुनं उदाहरण कुणाच्या वाचनात आहे का? विदर्भात, हिंदीच्या शेजारामुळे, आजही कौतुकाने म्हणतात का? आणि आजोबांसाठी 'कष्टाळू'पेक्षा भारदस्त शब्द कोणता? 'कर्तव्यनिष्ठ' फार सरकारी वाटतो. पुस्तिका पुढच्या आठवड्यात छापायला द्यायची आहे.