अनुभव धागा: बटवड्यावर झालेली दुखापत आणि तिचा खर्च

नोकरीत माझ्याकडे नुकसानभरपाईच्या फायली असतात. पोस्टमनचं पडणं तिथे एका ओळीत उरकतं: 'ओल्या पायरीवरून घसरून उजवा घोटा मुरगळला.' पुढची तीस-चाळीस पानं पैशाची. दवाखान्याची बिलं, बुडालेला पगार, बदलीवर आलेल्याचा ओव्हरटाइम. मला ती एक ओळ सविस्तर ऐकायची आहे. बीटवर, म्हणजे टपाल वाटायच्या ठरलेल्या भागात, काय झालं आणि पैसे कोणी भरले, दोन्ही लिहा. ऑफिसचं किंवा कुणा माणसाचं नाव नको.

पोस्टमन, १९ वर्षं
कुत्रा. दुसरं काय असणार! कडी वाजवली होती, आतून आवाजही आला, "काही करत नाही तो." पोटरीलाच धरलं. बॅग आपल्या नि कुत्र्याच्या मध्ये धरायची हे माहीत असतं हो, पण नेमकी ती पाठीवर सरकलेली. नळाखाली साबण लावून १५ मिनिटं जखम धुतली. लशीचे पैसे ऑफिसनं दिले, सुट्टी मात्र पहिल्या डोसापुरतीच. बाकीच्या वेळी आधी बीट, मग दवाखाना. पँट माझी गेली.

बटवड्यालाच, ११ वर्षं
माझा डावा खांदा. फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न, अपघाताची तारीख आणि वेळ. आता काय लिहू? बॅगेचा पट्टा कायम त्याच खांद्यावर. आधी रात्री कूस बदलताना कळ यायची, मग वेणी घालता येईना. पार्सलं वाढली तसं आणखी बिनसलं. साहेब म्हणाले, "घरकामानं झालं असेल." डॉक्टरीणबाईंनी मात्र दिवसाला किती वजन, किती वेळा हात वर, असं विचारलं. सांगता येईना, म्हणून आठवडाभर वहीत टिपलं. त्या वहीवर केस उभी राहिली. दीड वर्ष लागलं, तोवर फिजिओथेरपी पदरच्या पैशानं.

अमेरिकेतल्या दाव्यांचं काम केलेला
ताई, तिथे यासाठी फॉर्मच दोन आहेत. एकाच पाळीत झालेल्या इजेला सीए-१, कामानं हळूहळू जडलेल्या दुखण्याला सीए-२. कायदा १९१६ चा. काम करणं अशक्य झालं तर पगाराचा दोन-तृतीयांश, घरी अवलंबून कुणी असेल तर तीन-चतुर्थांश, तोही करमुक्त. पैसे आधी कामगार खातं देतं आणि वर्षाचा हिशेब करून टपाल सेवेकडून वसूल करतं. त्यामुळे तरुणपणी निकामी झालेला गुडघा कित्येक वर्षं त्या हिशेबात येत राहतो. आणि कुत्र्यांचं म्हणाल तर २०२४ मध्ये तिथे टपाल कर्मचाऱ्यांवर ६,००० हून जास्त हल्ले नोंदले गेले. न नोंदलेले अर्थातच वेगळे.

निवृत्त पर्यवेक्षक
न नोंदलेल्यांबद्दल मीच सांगतो. आमच्या भिंतीवर 'अपघाताविना दिवस' असा फळा होता. १८७ लिहिलेलं असताना एक पोरगा सायकलवरून पडला, मनगट सुजलं. मी म्हटलं, "रजा टाक, उतरेल दोन दिवसांत." एक्स-रेही स्वच्छ आला. पण अंगठ्याच्या मुळाशी मनगटात एक छोटं हाड असतं, त्याची चीर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. चार महिन्यांनी ऑपरेशन करावं लागलं. घटनेची नोंदच नाही, म्हणून भरपाई अडली. मग मी लेखी जबाब दिला, पैसे सुटले. पकड काही परत आली नाही त्याची. फळ्यावर तेव्हा तीनशेच्या वरचा आकडा होता.

पोस्टमनची बायको
यांची पाठ गेली. 'हलकं काम' दिलं, म्हणजे आठ तास स्टुलावर बसून सॉर्टिंग. पाठदुखीच्या माणसाला स्टूल! लोक विचारतात, भरपाई मिळते ना? मिळते, मूळ पगारावर. घर चालायचं ते ओव्हरटाइमवर.

धागाकर्ता
खांद्यावाल्या ताई, वहीत नेमके रकाने कोणते होते? आमच्याकडे येणाऱ्यांना सांगता येईल.

बटवड्यालाच, ११ वर्षं
तारीख. बॅगेचं वजन, निघताना काट्यावर ठेवून. पार्सलं किती, जिने किती. शेवटचा रकाना डॉक्टरीणबाईंनी घालायला लावला: आज वेणी घालता आली का? सात दिवसांत 'हो' दोनदाच आहे. त्यातला एक रविवार.