मनमाड–इंदूर झाली म्हणून कांदा हलणार आहे का?

चाळीतला_माणूस
काल 'रूळवेडा' यांनी लिहिलं की मनमाड–इंदूर ही नवी रेल्वेलाइन होतेय, जळगाव–मनमाड चौथी लाइन मंजूर झालीय, पुढची वीस वर्षं नाशिकच्या कांद्याला ट्रकचं तोंड बघायला नको. वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतोय.

३०९ किलोमीटर, १८ हजार कोटी, सगळं मान्य. पण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, भरायचा कुठे? ४२ डब्यांचा रेक म्हणजे १६०० टन. खळ्यांवरून पन्नासेक ट्रक एकाच वेळी धक्क्यावर, म्हणजे माल चढवायच्या फलाटावर, यायला हवेत, ठरल्या तासांत भराई उरकायला हवी, नाहीतर डेमरेज, म्हणजे डबे अडकवून ठेवल्याचा दंड. आमचा माल लागला होता त्या धक्क्यावर पत्रा अर्ध्याच फलाटाला. वळवाचा पाऊस आला, हमालांनी ताडपत्र्या ओढल्या, तरी खालची थप्पी भिजली. तशीच भरली. चौथ्या दिवशी पलीकडच्या व्यापाऱ्याचा फोन: दार उघडलं तर गोणीला हात लावून कोमट लागतेय. कोमट म्हणजे आत कांदा सडायला लागला, ते इथल्यांना सांगायला नको. लाइनी चार करा नाहीतर आठ, धक्का तोच आहे.

रूळवेडा
पत्र्यावरून अख्खी लाइन मोडीत काढलीत! अहो, पत्रा एका उन्हाळ्यात होतो. लाइनीला भूसंपादनापासून दहा वर्षं जातात, म्हणून ती आधी धरायची. आणि रेल्वेनं कांदा जात नाही म्हणता? ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली–दानापूर किसान रेल सुटली, ती कुणाच्या मालावर धावली?

चाळीतला_माणूस
निम्म्या भाड्याच्या सवलतीवर धावली. सवलत गेली, गाडी गेली. तेव्हा काय लाइन कमी पडली होती?

निफाड_चार_एकर
तुम्ही दोघं रूळ मोजत बसा. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरला थेट बंदी. बंदरात जायलाच मनाई, तिथे लाइन काय चाटायची? शुल्क पूर्ण उठायला एप्रिल २०२५ उजाडला. आणि ऑक्टोबर २०२४ ची 'कांदा एक्सप्रेस' विसरलात? लासलगावहून सरकारी साठ्याचा कांदा दिल्लीला नेला, तिथला भाव पाडायला. रेल्वेची क्षमता वाढली की पहिली गाडी आमच्याच मानेवरून जाते.

ठाण्याचा_डबेवाला_नाही
म्हणजे आम्ही ऐंशी रुपयांनी घ्यायचा आणि गप्प बसायचं?

निफाड_चार_एकर
दोन रुपये किलोनं गेला तेव्हा कुठे होतात? तेव्हा धागा काढला होता का?

ठाण्याचा_डबेवाला_नाही
आम्हाला दोन रुपयांनी कधी मिळालाच नाही. मधल्यांना विचारा. दर वेळी गिऱ्हाइकावर काय ओरडता?

निफाड_चार_एकर
ओरडत नाहीये. बापानं उन्हाळ कांदा ट्रॉलीनं परत आणून बांधावर ओतलाय, मी सोबत होतो. वास अजून नाकात आहे. तुम्ही भजी खा.

रूळवेडा
विषय मालवाहतुकीचा होता, आठवण करून देतो.

कसाऱ्याचा_निवृत्त
एकतीस वर्षं इंजिनावर काढलीत, म्हणून मध्ये बोलतो. तुम्ही सगळे मनमाडपाशीच अडकलात. इंदूरचा माल बंदराकडे निघाला की इगतपुरीच्या पुढे घाट आहे, सदतीसला एकचा, म्हणजे सदतीस मीटरला एक मीटर चढ. उतरताना ब्रेक तपासून रांगत यायचं, रिकामा रेक वर न्यायचा तरी मागे बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लावायचे. पावसात इगतपुरीला उभे राहून आम्ही दोन दोन डबे चहा संपवलेत. वरून लाइनी वाढवाल तेवढी रांग वर उभी राहील. आणि पॅसेंजरवाले ओरडतील ते वेगळंच.

रूळवेडा
काका, घाटाचं कबूल. काल लिहिताना तो धरला नव्हता. चला, पत्र्याचंही कबूल, नाहीतर आमचे चाळकर उपोषणाला बसतील. पण मनमाड–इंदूर नकोच, हे अजून कुणी पटवलेलं नाही.

चाळीतला_माणूस
नको कोण म्हणालं? धुळे, मालेगावला रेल्वेनं सरळ इंदूर मिळतंय, होऊ द्या. फक्त कांद्याच्या नावानं मिरवू नका. आणि पत्रा एका उन्हाळ्यात होतो म्हणालात ना, त्या धक्क्यावर तिसरा उन्हाळा गेला. सोमवारी दोन गाड्या भरतोय. ट्रकनंच.