पीएसएटीच्या सराव परीक्षेतील ११८० गुणांचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न – पालक, चाळीसगाव

माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत असून बारावीनंतर पदवीसाठी अमेरिकेत जाण्याची तिची इच्छा आहे. तिने कॉलेज बोर्ड या अमेरिकी परीक्षा संस्थेच्या ब्लूबुक अ‍ॅपवर पीएसएटीची (अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या एसएटी परीक्षेच्या पूर्वतयारीची परीक्षा) पूर्ण सराव परीक्षा घरीच दिली. तीत १५२० पैकी ११८० गुण मिळाले: इंग्रजी वाचन-लेखनात ५४० आणि गणितात ६४०. माझ्या हिशेबाने हे सुमारे ७७ टक्के होतात, त्यामुळे दहावीला ९४ टक्के मिळवलेली मुलगी खचून गेली आहे. गणिताचे काही प्रश्न तिने कोरेही सोडले होते. हे गुण महाविद्यालयांना कळतात का आणि आपल्या भागातून ही परीक्षा प्रत्यक्ष देता येते का, हेही कृपया सांगावे.

उत्तर – गणित शिक्षक, भुसावळ

भाऊ, टक्केवारी आधी बाजूला ठेवा. या परीक्षेची गुणपट्टी शून्यापासून नव्हे, तर ३२० पासून सुरू होते, त्यामुळे ११८० ला १५२० ने भागून काहीच हाती लागत नाही. एसएटी याच मापावर पण ४०० ते १६०० या पट्ट्यात मोजली जाते. म्हणजे मुलीने त्याच दिवशी एसएटी दिली असती, तर तिथेही साधारण ११८० च मिळाले असते, असा या आकड्याचा अर्थ आहे.

कोऱ्या प्रश्नांची बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. आपल्याकडे जेईईची तयारी करणाऱ्या मुलांना चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होण्याची धास्ती असते, म्हणून खात्री नसेल तर प्रश्न सोडायचा हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. पीएसएटीत गुण वजा होत नाहीत, त्यामुळे कोरा प्रश्न म्हणजे निव्वळ नुकसान. शिवाय प्रत्येक विभागाचे दोन भाग असतात आणि पहिला भाग जसा जाईल, तशी दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. पहिल्या भागात प्रश्न सोडले, तर पुढे वरचे गुण मिळण्याची वाटच अरुंद होते. गणिताच्या ४४ प्रश्नांना ७० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिटाहून थोडा अधिक वेळ मिळतो.

उत्तर – विद्यार्थिनी, मूळची धुळ्याची

काका, सरांच्या म्हणण्याला माझी सहमती आहे. मात्र तुमच्या मुलीचे खरे काम इंग्रजीत आहे. तिथे ६४ मिनिटांत ५४ प्रश्न असतात आणि प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र छोटा उतारा असतो. दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे मराठीत सहज खपून जाते, पण या परीक्षेत ती चूक धरली जाते; तिथे अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो. असे विरामचिन्हांचे नियम मोजकेच आहेत आणि ते महिनाभरात पक्के होतात. शब्दांचे बारकावे मात्र रोजच्या वाचनानेच येतात. खान अकॅडमी या संकेतस्थळावर यासाठी मोफत सराव आहे.

पीएसएटीचे गुण कॉलेज बोर्ड महाविद्यालयांना पाठवत नाही, आणि घरचा सराव तर फक्त तुमच्यापुरताच असतो. प्रत्यक्ष पीएसएटी ती घेणाऱ्या शाळेमार्फतच देता येते. एसएटीची नोंदणी मात्र विद्यार्थी स्वतः करू शकतो, म्हणून आपल्या भागातल्या मुलांनी ब्लूबुकवर सराव करून थेट एसएटीला बसणेच सोयीचे ठरते.

प्रश्नकर्ते पालक

आपल्या दोघांचे मनापासून आभार. सोडलेले प्रश्न आज तिच्यासोबत बसून पाहिले; त्यांपैकी बहुतेक तिने माझ्यासमोर सोडवले. पुढची सराव परीक्षा ती एकही प्रश्न कोरा न ठेवता देणार आहे.