मदत हवी आहे : गणिताच्या पेपरातली पाच उत्तरं जुळत नाहीत

निरंक

सगळ्या सत्रांची परीक्षा संपली आहे, त्यामुळे प्रश्न इथे मांडायला हरकत नाही. एकूण ३० प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ वजा. सहा जणांनी उत्तरं ताडून पाहिली. माझी १९ नक्की बरोबर, ३ नक्की चूक, ३ प्रश्न सोडलेले. खालच्या पाचांवर मात्र एकमत होत नाही. अधिकृत उत्तरसूची अजून आलेली नाही.

१) √(२क्ष + ३) = क्ष, वास्तव उकली किती? माझं उत्तर २, काहींचं १.

२) (क्ष − १)/(क्ष + २) ≥ २, ही अट पाळणारे पूर्णांक किती? माझं ३, दोघांचं ४, एकाचं 'अनंत'.

३) पिशवीत ५ लाल आणि ३ निळे चेंडू. परत न ठेवता दोन काढले. त्यांतला निदान एक निळा आहे हे माहीत असेल, तर दोन्ही निळे असण्याची संभाव्यता किती? पाच जणांचं २/७ (माझंही), एकाचं १/६.

४) 'कमलनयन' या शब्दातली अक्षरं, दोन्ही 'न' शेजारी येऊ न देता, किती प्रकारे मांडता येतील? माझं २४०, बाकीच्यांचं ४८०.

५) काटकोन त्रिकोणाचा कर्ण १०, कर्णावर टाकलेला लंब ६. क्षेत्रफळ किती? पेपरात मी २४ वर खूण केली होती, पण आता सोडवलं की ३० येतंय.

कोणतं उत्तर बरोबर आणि का, हे हवंय. शिवाय गुणांचा अंदाज किती धरावा?

कोनदुभाजक

आधी एक खात्री करून घ्या. तुम्ही उत्तरं ताडताना किंमत ताडलीत की पर्यायाचं अक्षर? संच वेगळे असले तर प्रश्नांचा क्रम बदलतो, पुष्कळदा पर्यायांचाही. 'सतराव्याचं क आलं का' या विचारण्याला काही अर्थ राहत नाही. प्रश्नाचे शब्द आणि आलेली किंमत, एवढंच ताडायचं. त्या १९ मध्ये अशी अक्षरावर जुळवलेली असतील तर ती पुन्हा बघा.

पहिला प्रश्न : उत्तर १. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − २क्ष − ३ = ०, म्हणजे क्ष = ३ किंवा −१. आता मूळ समीकरणात घाला. क्ष = ३ ला √९ = ३, ठीक. क्ष = −१ ला डावीकडे √१ = १ आणि उजवीकडे −१. जुळत नाही. √ हे चिन्ह ऋण नसलेलंच मूळ दाखवतं. वर्ग करताना चिन्हाची माहिती पुसली जाते, म्हणून −√(२क्ष + ३) = क्ष या वेगळ्याच समीकरणाची उकल आत शिरते. वर्ग केला की पडताळणी केलीच पाहिजे, तिला पर्याय नाही.

दुसरा : तुमचं ३ बरोबर. उजवीकडचे २ डावीकडे आणा, छेद समान करा : (−क्ष − ५)/(क्ष + २) ≥ ०, म्हणजेच (क्ष + ५)/(क्ष + २) ≤ ०. त्यावरून −५ ≤ क्ष < −२. पूर्णांक −५, −४, −३.

'अनंत' कुठून आलं? (क्ष + २) ने सरळ तिरकस गुणाकार केला की क्ष ≤ −५ मिळतं. पण (क्ष + २) ऋण असेल तेव्हा चिन्ह उलटायला हवं होतं. −६ घालून बघा, −७/−४ = १.७५, हे २ पेक्षा कमी आहे. आणि ४ म्हणणाऱ्यांची पद्धत बहुधा बरोबरच असणार. (क्ष + २)² ने गुणलं की चिन्हाची भीती जाते आणि (क्ष + २)(क्ष + ५) ≤ ० मिळतं. फक्त या रूपात −२ गुपचूप परत येतो. मूळ अपूर्णांकात तिथे छेद शून्य होतो, म्हणून तो काढायचा.

समच्छेद

तिसऱ्यावर मी लिहितो, कारण इथे पाच विरुद्ध एक असूनही एकटा बरोबर आहे. उत्तर १/६.

काढण्याचा क्रम धरून मोजू. एकूण प्रकार ८ × ७ = ५६. दोन्ही लाल : ५ × ४ = २०. म्हणजे निदान एक निळा असलेले ५६ − २० = ३६. दोन्ही निळे : ३ × २ = ६. म्हणून ६/३६ = १/६.

२/७ मध्ये काय होतं ते बघा. 'एक निळा आहेच, तो बाजूला ठेवू, उरले ७, त्यांत निळे २.' हे उत्तर 'पहिला निळा निघाला' या अटीचं आहे. पहिला निळा असे प्रकार ३ × ७ = २१ आणि ६/२१ = २/७. पण ३६ मधले १५ कुठे गेले? पहिला लाल आणि दुसरा निळा असे ५ × ३ = १५ प्रकार 'निदान एक निळा' या अटीत बसतात, आणि ते मोजलेच गेले नाहीत. कोणता चेंडू निळा ते प्रश्नाने सांगितलेलं नाही, आपण मनानेच पहिला धरला.

निरंक

पटलं. पण पाच जणांची एकच चूक कशी होईल?

समच्छेद

होते, आणि अशा परीक्षेत हमखास होते. चुकीचे पर्याय वाटेल ते आकडे टाकून बनवत नाहीत. विद्यार्थी जिथे घसरतात त्या पायरीवर जे उत्तर निघतं तेच पर्यायात ठेवतात. आपलं उत्तर पर्यायात सापडलं की ते बरोबर असा समज होतो, आणि एकाच जागी घसरलेले सगळे एकाच पर्यायावर पोहोचतात. म्हणून बहुमत हा पुरावा धरू नका. ज्याचं वेगळं आलं त्याला पायऱ्या विचारा.

चौथ्यात तेच झालंय. अक्षरं सहा, 'न' दोनदा : ६!/२! = ३६०. दोन्ही 'न' चिकटलेले धरले तर पाच वस्तू, १२०. ३६० − १२० = २४०. दोन 'न' वेगवेगळे मानले तर ७२० − २४० = ४८०. तुमचं बरोबर.

कोनदुभाजक

पाचवा जसा लिहिलाय तसा असूच शकत नाही. कर्ण हा व्यास धरून वर्तुळ काढलं तर काटकोनाचा शिरोबिंदू त्या वर्तुळावर येतो. त्रिज्या ५, म्हणून कर्णावरचा लंब ५ पेक्षा मोठा होणार नाही. ½ × १० × ६ = ३० हा हिशेब ठीक दिसतो, पण तसा त्रिकोणच नाही. लंबाऐवजी काटकोन करणारी एक बाजू ६ असेल तर दुसरी ८, क्षेत्रफळ २४ आणि कर्णावरचा लंब ४.८. आठवणीवर जाऊ नका, छापील प्रश्न उघडा.

निरंक

उघडला. 'काटकोन करणारी एक बाजू ६' असंच आहे. 'लंब' हा शब्द चर्चेत कुणीतरी वापरला आणि तोच डोक्यात राहिला. म्हणजे पाचांपैकी दुसरा, चौथा, पाचवा बरोबर, दोन चूक.

कोनदुभाजक

मग गुण सोपे आहेत. शंकेचे पाचही चुकले असते तर १९ × ४ − ८ = ६८, पाचही बरोबर असते तर २४ × ४ − ३ = ९३. शंकेतला एक प्रश्न इकडचा तिकडे झाला की ४ नव्हे, ५ गुणांचा फरक पडतो, हे अंदाज बांधताना बरेच जण विसरतात. आता २२ बरोबर, ५ चूक : ८८ − ५ = ८३.

हे कच्चे गुण. वेगवेगळ्या सत्रांचे पेपर कमी-जास्त कठीण असतील तर निकालात ते समान पट्टीवर आणून दाखवतात, त्यामुळे दुसऱ्या सत्रातल्या कुणाशी ८३ ची सरळ तुलना करू नका.

आणि उत्तरसूची आल्यावर एखाद्या प्रश्नावर आक्षेप घ्यायचा झाला, तर संच क्रमांक, प्रश्नाचे शब्द जसेच्या तसे आणि पायऱ्या, तिन्ही द्या. पाचवा खरोखर 'लंब ६' असा छापला असता, तर वर्तुळाचा वरचा मुद्दा दोन ओळींत पुरेसा होता.

निरंक

दोघांचे आभार. ती १९ उत्तरं आज किमतीनुसार पुन्हा ताडतो, त्यांतली चार अक्षरावरच जुळवली होती.