संगणक अतिशय मंद झाला आहे, तातडीने मदत हवी आहे

उंबरठा
गेल्या महिनाभरापासून घरचा संगणक इतका मंद झाला आहे की बटण दाबल्यापासून काम सुरू करण्याजोगी स्थिती येईपर्यंत बारा ते पंधरा मिनिटे जातात, आणि त्यानंतरही एखादी फाइल उघडायला घेतली की पडदा गोठल्यासारखा थांबून राहतो. व्हायरस तपासून झाला, काही सापडले नाही. नको असलेल्या फाइल काढल्या, रीसायकल बिन रिकामे केले, आणि रोज रात्री मी संगणक न चुकता बंद करतो. यंत्रात बिघाड काहीही नाही, केवळ वेग कमी झाला आहे. रविवारपर्यंत एक मोठा अहवाल पूर्ण करायचा असल्यामुळे ‘नवीन घ्या’ हा सल्ला कृपया देऊ नये. नेमकी कोणती सेटिंग बदलावी, एवढेच सांगावे.

तर्कटी
विंडोज कोणते, रॅम किती, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे की चिपवर साठवणारी एसएसडी, आणि संगणक किती वर्षांचा आहे, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि संगणक अडखळत असताना सीपीयू, मेमरी व डिस्क या तीन रकान्यांखाली किती टक्के दिसतात ते लिहा. बिघाड नाही, हे आपण कशावरून ठरवले तेही सांगा.

जुना_खिळा
एवढ्या चौकशीची आवश्यकता नाही. डिस्कवर फाइलींचे तुकडे विखुरले की हाच अनुभव येतो. रात्री डीफ्रॅगमेंट लावून झोपा आणि सकाळी रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणारे एखादे सॉफ्टवेअर चालवा. माझा संगणक मी वर्षानुवर्षे असाच ठणठणीत ठेवला आहे.

अक्षरवेल
विंडोज १० असेल तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागत असल्याने जुन्या यंत्रांवर ते रीतसर चढत नाही. यावर खरा उपाय लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी प्रणाली हाच आहे. ते पेन ड्राइव्हवरूनही चालवून पाहता येते.

वाटसरू
राऊटर भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नये, तो घराच्या मध्यभागी आणि थोडा उंचावर ठेवावा. शक्य असेल तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा, मात्र भिंती ओलांडताना तो २.४ पेक्षा लवकर क्षीण होतो, हे ध्यानात असू द्यावे.

उंबरठा
इंटरनेटबद्दल माझी काहीही तक्रार नाही. अहवालासाठी लागणारे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही, त्यामुळे तो विषय येथेच थांबवावा ही विनंती. विंडोज १०, रॅम ८ जीबी, १ टीबीची हार्ड डिस्क, संगणक सात वर्षांचा. सीपीयू ६ टक्के, मेमरी ४४ टक्के, डिस्क १०० टक्के. त्याच खिडकीत सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ ४१ दिवस दाखवत आहे, जे मी रोज संगणक बंद करत असल्याने उघडच चुकीचे आहे. म्हणजे डिस्क भरली आहे, असे समजायचे का? पण निम्मी जागा तर रिकामी आहे.

नीरव
आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करत आहात. येथील १०० टक्के म्हणजे भरलेली जागा नव्हे. डिस्क त्या वेळात सतत कामात गुंतलेली होती, एवढाच त्याचा अर्थ आहे. सीपीयू आणि मेमरी निवांत बसले आहेत आणि सगळे डिस्कची वाट पाहत आहेत, म्हणून रॅम वाढवून काही साधणार नाही. ४१ दिवसांचा आकडाही चुकीचा नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ करताना विंडोज आपला गाभा पूर्णपणे बंद न करता त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि सकाळी तीच परत उचलते. खऱ्या अर्थाने नवी सुरुवात हवी असेल तर ‘रीस्टार्ट’च करावे लागते. (मला स्वतःला हे फार उशिरा कळले.)
आता परफॉर्मन्स विभागात डिस्कवर टिचकी द्या आणि प्रत्यक्ष वाचनाचा वेग व ‘अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ (उत्तराला लागणारा सरासरी वेळ) किती आहे ते लिहा.

उंबरठा
रीस्टार्ट केले, फरक शून्य. वाचनाचा वेग सेकंदाला १ एमबीच्याही खाली आहे आणि दुसरा आकडा ३,००० ते ५,००० मिलिसेकंद असा वरखाली होतो. दरम्यान जुना_खिळा यांच्या सल्ल्यानुसार रात्रभर डीफ्रॅगमेंट लावले होते, ते सकाळी ११ टक्क्यांवर अडकलेले आढळले. ते पुन्हा सुरू करू का? आणखी एक बारीकसारीक बाब म्हणजे काही जुने फोटो उघडले असता खालचा अर्धा भाग करडा दिसतो, परंतु त्याचा वेगाशी संबंध असेल असे वाटत नाही.

तर्कटी
डीफ्रॅगमेंट पुन्हा मुळीच सुरू करू नका. आपण ज्याला बारीकसारीक म्हणता, तीच या साऱ्या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची माहिती आहे, आणि ती पहिल्याच दिवशी लिहिली असती तर कालची रात्र वाया गेली नसती.
फिरत्या तबकडीची निरोगी डिस्क साधारण १० ते २० मिलिसेकंदांत उत्तर देते. काम फार साचले तर हा आकडा शेकड्यांत जाईल, पण सतत काही सेकंद लागणे ही गोष्ट वेगळी आहे. तबकडीवरचा एखादा भाग नीट वाचता आला नाही, तर डिस्क तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून पाहते, आणि तेवढा वेळ विंडोज ताटकळत उभे राहते. आपल्याला जो ‘कमी वेग’ भासतो आहे, तो बहुधा हा खटाटोप आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची प्रकृती दाखवणारे विनामूल्य सॉफ्टवेअर चालवा आणि ०५, सी५, सी६ व सी७ या चार ओळींमधील ‘रॉ’ आकडे येथे द्या.

जुना_खिळा
एका करड्या फोटोवरून एवढे घाबरवू नये. डीफ्रॅगमेंटने आजवर कोणाचे नुकसान झालेले मी पाहिलेले नाही.

नीरव
धडधाकट डिस्कचे होत नाही, आणि विंडोज ते काम ठरावीक काळाने आपले आपण करतच असते. पण डीफ्रॅगमेंट म्हणजे फाइलींचे तुकडे एका जागेवरून वाचून दुसरीकडे लिहिणे, आणि आजारी डिस्ककडून रात्रभर नेमके तेच करून घेतले गेले. रजिस्ट्री साफ करण्याने वेग वाढत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

उंबरठा
पिवळ्या चौकटीत ‘कॉशन’ असे लिहून आले. ०५ समोर शून्य, सी५ समोर ३०, सी६ समोर ३०, सी७ समोर शून्य. एक टीबीमध्ये ३० म्हणजे नगण्यच म्हणायचे ना? शिवाय महत्त्वाच्या सर्व फाइलींची प्रत मी डी ड्राइव्हवर ठेवलेली आहे, त्यामुळे काळजी नाही.

तर्कटी
त्या सॉफ्टवेअरमध्ये हे आकडे, आपण बदलले नसतील तर, सोळाच्या पायावर दाखवले जातात, म्हणून आपले ३० म्हणजे तीन गुणिले सोळा, अर्थात ४८ होत. सी५ म्हणजे डिस्कला वाचता न आलेले आणि निर्णयाच्या प्रतीक्षेत ठेवलेले भाग. सी७ म्हणजे केबलवरून माहिती येताना झालेल्या चुका, आणि तो शून्य असल्यामुळे दोष केबलचा नसावा. केबलचा असता तर मीच सर्वांत आधी ती काढून घालायला सांगितली असती. संख्या लहान असली तरी ती वाढते आहे का, हे पाहणे आवश्यक आहे.
आणि डी ड्राइव्ह ही वेगळी डिस्क आहे, की त्याच १ टीबीचा दुसरा हिस्सा?

उंबरठा
टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क ०’ एवढीच दिसते आणि तिच्यापुढे सी व डी दोन्ही लिहिलेले आहेत.

नीरव
म्हणजे प्रत नाहीच. एकाच कपाटाच्या दोन खणांत आपण एकच कागद ठेवलेला आहे, आणि कपाटालाच वाळवी लागली आहे.

जुना_खिळा
तरीही मार्ग सोपा आहे. ‘चेकडिस्क’ ही विंडोजची डिस्क तपासणारी आज्ञा आर पर्यायासह चालवा किंवा सरळ पूर्ण फॉरमॅट करा. हे सी५ मग शून्यावर येते, मी स्वतः करून पाहिले आहे.

तर्कटी
येते, हे खरे. त्या भागावर नव्याने लिहिले गेले की डिस्क तो वापरून पाहते किंवा त्याच्या जागी राखीव भाग घेते, आणि आकडा उतरतो. पण तोवर फॉरमॅटमध्ये सगळ्याच फाइली गेलेल्या असतात. चेकडिस्क आर पर्यायासह सबंध डिस्क वाचून काढते आणि फाइलींच्या नोंदींत फेरफारही करते, त्यामुळे वाचवण्यासारखे काही असेल तर ते आधी बाहेर काढल्याशिवाय तिला हात लावू नये. या एका मुद्द्यावर मी माघार घेणार नाही.

नीरव
उंबरठा, क्रम असा ठेवा: पहिल्यांदा अहवाल, मग फोटो, मग उरलेले, आणि हे सर्व बाहेरच्या डिस्कवर. माउसने ओढून नकल करू नका, एका खराब फाइलपाशी सारे अडते. विंडोजमधली रोबोकॉपी ही नकल करणारी आज्ञा वापरा, पण तिचे पुन्हा प्रयत्न करण्याचे पर्याय आवर्जून बदला. मुळात ती न वाचता येणाऱ्या फाइलवर दहा लाख वेळा, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करत राहते. आर (किती प्रयत्न) आणि डब्ल्यू (किती सेकंद थांबणे) हे दोन्ही पर्याय १ वर आणा आणि न आलेल्या फाइलींची नोंद ठेवायला सांगा.

अक्षरवेल
पेन ड्राइव्हवरच्या लिनक्समधून नकल केली तर विंडोज त्या डिस्कवर काहीही लिहिणार नाही, आणि डीडीरेस्क्यू हे तिथले डिस्क वाचवणारे सॉफ्टवेअर तर चांगले भाग आधी उचलून खराब भाग शेवटी ठेवते. या वेळी मी प्रचार करत नाही.

तर्कटी
या वेळी मान्य.

उंबरठा
नोंद देण्यासाठी लिहीत आहे. रोबोकॉपीला एकूण नऊ तास लागले. अहवाल पूर्ण मिळाला, सतरा फोटो आणि एक चित्रफीत मिळाली नाही. नकल संपेपर्यंत सी५ चा आकडा ३० वरून ५८ झाला होता, म्हणजे माझ्या नव्या ज्ञानानुसार ८८. एसएसडी बसवून विंडोज नव्याने घातले. त्याच प्रोसेसरवर आणि त्याच रॅमवर संगणक आता अर्ध्या मिनिटाच्या आत तयार होतो. जुनी डिस्क फॉरमॅट करून चित्रपट ठेवण्यासाठी वापरावी, असे मनात आहे. तिची जोडणी कायम ठेवली तर चालेल का?

जुना_खिळा
पूर्ण फॉरमॅट करून वापरा, काही होत नाही.

नीरव
चित्रपट गमावण्याची तयारी असेल तर वापरा. पण खराब डिस्क जोडलेली असेल तर फाइलींची खिडकी उघडतानाही कधी कधी तेच ताटकळणे अनुभवाला येईल, आणि आपण पुन्हा इथेच याल. बाहेरच्या डिस्कवरची ती नकल पुसली नाहीत ना?

उंबरठा
पुसणारच होतो. थांबलो.